बदललेला सूर आणि दुभंगलेले श्रोते

भोपाळहून इंदूरकडे निघाले, की सीहोर, आष्टा, सोनकच्छ मागे टाकल्यावर देवासची टेकडी दिसू लागते. टेकडीवर चामुंडा मातेचे देऊळ आणि पायथ्याशी ‘भानुकुल’ हे घर. आम्हा मध्य प्रदेशातील मराठी मंडळींना या घराचे मोठे अप्रूप आहे. पाहुण्यांना सांची आणि भीमबेटका दाखवून झाले, की आम्ही अभिमानाने सांगतो, “आमचे कुमार गंधर्व इथेच राहत.” हे ‘आमचे’ म्हणणे आज फार सोपे झाले आहे. पण एके काळी याच गायकावरून जाणते श्रोते दोन तट पडून भांडत होते, हे आम्ही सहसा सांगत नाही.

कुमारजींवर गौरवलेख पुष्कळ निघाले आहेत. या लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. आवडता कलावंत आपला सूर बदलतो, तेव्हा त्याचे श्रोते काय करतात? कोणी रुसतात, कोणी सोडून जातात, कोणी थांबून पुन्हा ऐकतात. याचा इतिहास पाहण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर तीन-तीन पिढ्या काढलेल्या घरांचाही इतिहास आहे.

सुरुवात नाटकापासून करू. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदांच्या चाली बऱ्याचशा साक्या, दिंड्या, कीर्तनातील आणि घरगुती वळणाच्या होत्या. पुढे 1911 साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या नव्या चाली दिल्या. 1916 साली ‘स्वयंवर’ आले आणि भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार बंदिशी थेट नाटकात आणल्या. आज ही दोन्ही नाटके आपण ‘जुने ते सोने’ म्हणून मिरवतो. पण किर्लोस्करी चालींवर वाढलेल्या कानांना हे सारे नवेच होते. एका पदाला मिळणारे ‘वन्स मोअर’ वाढत गेले तशी नाटके रात्रभर चालू लागली. गाण्याने नाटक गिळले, ही तक्रार तेव्हापासूनची.

मग उलटे वळण आले. 1 जुलै 1933 रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. केशवराव भोळ्यांनी त्यात मोजकी, छोटी, भावगीताच्या वळणाची पदे ठेवली. बालगंधर्वांच्या आलाप-तानांवर जीव टाकणाऱ्यांना ती पदे तोकडी वाटली. नव्या पिढीला वाटले, की गाणे एकदाचे नाटकाच्या मापाचे झाले. तीस वर्षांनी, 1964 साली, ‘मत्स्यगंधा’ला जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले, तेव्हा हाच वाद नव्या नावांनी पुन्हा झाला. आज त्या पदांशिवाय एकही नाट्यसंगीताची मैफल पुरी होत नाही. ज्याला एक पिढी बिघाड म्हणते, त्यालाच पुढची पिढी परंपरा म्हणते. यासाठी साधारण तीस-चाळीस वर्षे पुरतात.

कुमारांची गोष्ट याच माळेतली, पण अधिक तीव्र. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. बालपणीच ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये, वयाची बारा वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी जाणकारांच्या मेळाव्याला थक्क करून सोडले. पुढे प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. म्हणजे श्रोत्यांनी पहिल्यांदा ज्याच्यावर प्रेम केले तो आवाज एका विलक्षण मुलाचा होता आणि त्या आवाजात इतर थोरांचे गाणे होते. ते प्रेम खरेच होते. पण पुढच्या भांडणाचे बीजही त्यातच होते, कारण लोकांना तोच मुलगा पुन्हा पुन्हा हवा होता.

1947 साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या आरंभी हे जोडपे देवासला आले. गाणे बंद. बोलणेही जपून. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकते मिळू लागले होते. त्याने जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. साधारण पाच-सहा वर्षांच्या मौनानंतर, 1953 च्या सुमारास, ते पुन्हा मैफिलीत बसले.

या मौनात त्यांनी ऐकले ते माळव्याला. अंथरुणावरून कानी पडणारी बायकांची गाणी, लग्नातली, पावसाची, सणावारांची. देवासमधल्या शीलनाथ महाराजांच्या धुनीवरची नाथपंथी निर्गुणी भजने. भानुताईंनी या गाण्यांच्या संग्रहात साथ दिली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या या धुनांत रागाची बीजे आहेत, असे कुमारांच्या ध्यानात आले. त्यातून त्यांनी बांधलेल्या रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, संजारी, मघवा ही त्यांतली काही नावे. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह 1965 साली आला.

आता श्रोत्यांकडे येऊ. परत आलेला हा गायक पूर्वीचा नव्हता. लांब दमसासाच्या ताना कमी झाल्या होत्या. त्याऐवजी छोटे, टोकदार स्वरसमूह आले, मध्येच अचानक स्तब्धता आली, एकदम उंच फेकलेला सूर आला आणि तितक्याच हळुवारपणे मावळणारा सूर आला. विलंबित ख्यालाची संथ, पायरी-पायरीने चढणारी बढत ज्यांच्या कानांत मुरलेली होती, त्यांना हे गाणे तुटक वाटले. त्यांचे आक्षेप चार प्रकारचे होते. हा कोणत्या घराण्याचा गायक? लोकधुनेला राग म्हणता येते का? रागाची स्वरूपे आपल्या मर्जीने का वळवायची? आणि ख्याल गाणाऱ्याने कबीराची भजने मैफिलीच्या मध्यभागी का आणायची?

हे आक्षेप घेणारे लोक अडाणी नव्हते. घराण्यांची चर्चा तेव्हा महाराष्ट्रात ऐन भरात होती. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक 1961 सालचे. घराणे म्हणजे पिढ्यान्पिढ्या तपासून घेतलेली शिस्त. ती शिस्त नसेल तर उद्या कोणीही काहीही गाईल, ही भीती पोकळ म्हणता येत नाही. विलंबित ख्यालाच्या पूर्ण विस्ताराचे सुख कुमारांच्या गाण्यात कमी मिळे, हे म्हणणेही अनेक प्रामाणिक कानांचे होते आणि आजही आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक आजाराचा आधार घेत, की एका फुप्फुसावर माणूस गातो आहे, याचेच कौतुक करा. आम्हांला ही बाजू दुबळी वाटते. क्षयाने फुप्फुस गमावलेली माणसे त्या काळी घरोघरी होती. आजाराने फार तर श्वास तोकडा होतो, शैली घडत नाही. तोकड्या श्वासाला साजेल असे गाणे शोधायचे, की गाण्याच्या मुळाशी जाऊन श्वासाचे वाटप नव्याने करायचे, हा निर्णय माणसाचा असतो. कुमारांनी दुसरा मार्ग धरला. त्यांचे खरे उत्तर आजारात नव्हते, माळव्यात होते.

तेही उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. आपल्या रागांची नावे आठवा. जौनपुरी, मुलतानी, गुर्जरी, सोरठ, पहाडी, मांड. गावांची आणि मुलुखांची ही नावे रागांना उगीच लागलेली नाहीत. कधीतरी कोणीतरी तिथल्या रस्त्यावरचे, शेतातले, अंगणातले गाणे ऐकून त्याला दरबारात नेले असणार. कुमारांनी जे केले ते नवे होते, कारण आपल्या डोळ्यांदेखत घडले. जुन्या रागांच्या बाबतीत ते घडताना पाहणारे कोणी उरले नव्हते, इतकाच फरक.

आणखी एक गंमत आहे. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे, आणि बाळकृष्णबुवांनी गाणे आणले ते ग्वाल्हेर परंपरेचे. म्हणजे ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात गेलेला सूर दोन-तीन पिढ्यांनी एका आजारी तरुणाच्या गळ्यातून पुन्हा याच प्रदेशात आला आणि माळव्याच्या मातीत रुजला. ज्यांना वाटले, की परंपरा तुटली, त्यांनी हा नकाशा पाहिला नव्हता.

कुमारांनी श्रोत्यांची परीक्षा एकदाच घेतली असेही नाही. साठच्या दशकात त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. बालगंधर्वांची पदे दुसऱ्या कोणी, स्वतःच्या दृष्टीने, स्वतःच्या आवाजात मांडायची, हे धाडसच होते. नावातच ‘मला उमजलेले’ असे म्हणून त्यांनी नक्कल करणार नाही हे सांगून टाकले होते. ज्याची कीर्ती हुबेहूब नकलेने सुरू झाली, त्याने प्रौढपणी हा शब्द निवडावा, यात त्यांचा सारा प्रवास आला. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे ऋतूंचे कार्यक्रम झाले. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कवितांची ‘तांबे गीतरजनी’ झाली. तांब्यांचा जन्म मुंगावलीचा, म्हणजे आपल्याच प्रदेशातला. महाराष्ट्राबाहेर राहून लिहिलेल्या मराठी कवितेला महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या गायकाने आवाज दिला, ही गोष्ट आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांनी विसरू नये.

हळूहळू विरोध मावळला. 1977 साली पद्मभूषण, 1990 साली पद्मविभूषण. भोपाळात 13 फेब्रुवारी 1982 रोजी भारत भवन उभे राहिले, तेव्हा शास्त्रीय कला आणि आदिवासी-लोककला एकाच छताखाली, एकाच मानाने मांडण्याचा प्रयत्न झाला. देवासमध्ये तीस वर्षांपूर्वी एकट्याने केलेल्या कामाचा विचार इथे सरकारी संस्थेच्या रूपाने दिसू लागला होता. 12 जानेवारी 1992 रोजी कुमार गेले, तेव्हा भांडणारे दोन्ही तट शोकात एक झाले. त्यानंतर मात्र नवीच पंचाईत झाली. कोणी तरुण गायक निर्गुणी भजन जरा वेगळ्या ढंगाने गाऊ लागला, की आमचेच लोक म्हणतात, “कुमारांसारखे नाही.” ज्याने नक्कल नाकारली, त्याचीच नक्कल आम्ही आता मागतो.

असाच तिढा आमच्या मुलांच्या पिढीच्या संगीतातही झाला आहे. ‘इंडियन ओशन’ हे नाव ज्येष्ठांना कदाचित ठाऊक नसेल. 1990 साली दिल्लीत सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केलेला हा बँड. पुढे राहुल राम आणि अमित किलम आले. गिटार आणि ड्रम, पण त्याबरोबर तबला. राहुल राम यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षे घालवली होती. तिथल्या लोकांकडून ऐकलेले नर्मदेचे गाणे 2000 साली त्यांच्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये आले. आपल्या नर्मदेची स्तुती गिटारवर ऐकून ज्यांच्या भुवया उंचावल्या, त्यांनी क्षणभर देवासची आठवण करावी. लोकांचे गाणे ऐकायचे आणि आपल्या वाद्यावर आपल्या पद्धतीने मांडायचे, ही कृती तीच आहे. 2010 च्या ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटात या बँडचे गाणे होते. त्याच चित्रपटात भोपाळच्या नया थिएटरच्या नगीन तनवीर यांचेही गाणे होते आणि चित्रीकरण भोपाळजवळच्या बडवई गावात झाले होते.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. तबला आणि मुख्य आवाज एकाच माणसाबरोबर गेला. 2013 मध्ये सुश्मित सेन बाहेर पडले, म्हणजे ज्याच्या गिटारीवर बँडची ओळख उभी होती तो सूरही गेला. बँड थांबला नाही. हिमांशु जोशींचा आवाज, तुहीन चक्रवर्तींचा तबला आणि निखिल राव यांची गिटार घेऊन 2014 साली ‘तंदानू’ हा अल्बम आला. आता चाहते दुभंगले. एक पक्ष म्हणतो, नाव तेच, पण बँड तो नाही. दुसरा म्हणतो, नदीचे पाणी बदलते म्हणून नदीचे नाव बदलत नाही. आमच्या घरांतली चाळिशीतली मुले हा वाद घालतात, तेव्हा आम्हांला त्यांच्या आजोबांचे आवाज ऐकू येतात. फक्त राग आणि घराणी यांच्या जागी गिटार आणि अल्बम आले आहेत.

या सगळ्या वादांत एक गोष्ट समान दिसते. श्रोता जेव्हा “हा सूर बिघडला” म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा गाण्याबद्दल अर्धेच बोलत असतो. उरलेले अर्धे त्याच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल असते. ते गाणे त्याने कुठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, तेव्हा घरात कोण कोण होते. सूर बदलला, की ती माणसेही दूर गेल्यासारखी वाटतात. ‘मानापमान’च्या पदांना हट्ट धरणाऱ्या आजीला पद नको असते, ज्या ओसरीवर तिने ते ऐकले ती ओसरी हवी असते. म्हणून असा हट्ट हसून उडवू नये. पण तो कलावंतावर लादूही नये, कारण त्याच्या हातात गाणे आहे, आपली ओसरी नाही.

हे आम्हा भोपाळकर मराठी मंडळींना इतरांहून अधिक उमजायला हवे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून फायलींबरोबर माणसेही इथे आली. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत मराठी संसार मांडले गेले. त्यानंतर भेलचा कारखाना आला आणि पिपलानी-बरखेड्यात आणखी घरे झाली. नागपूरची मराठी, ग्वाल्हेरची मराठी आणि इंदूरची मराठी एका जिन्यात भेटली आणि भोवतालच्या हिंदीने तिघींना पाणी दिले. आमची मराठी बदलली. “भाजी छान बनली” म्हणताना आम्ही अडखळत नाही आणि “मला घरी जायचे आहे” म्हणावे तिथे “मला घरी जाणे आहे” असेही तोंडून निघते. पुण्याचे नातेवाईक हसतात. कधी प्रेमाने, कधी नाही. कुमारांच्या गाण्याला ‘माळवी’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा आणि आमच्या बोलण्याला ‘हिंदाळलेले’ म्हणणाऱ्यांचा सूर एकच आहे.

म्हणजे आम्ही दोन्ही बाजूंना उभे आहोत. पुण्याच्या नजरेत आम्ही बदललेला सूर आहोत आणि मुलांच्या नजरेत आम्ही जुन्या सुराचे पहारेकरी आहोत. मंडळाच्या गणेशोत्सवात नाट्यसंगीत असावे, की मुलांचा बँड, ही चर्चा दरवर्षी होते. ती चर्चा एका बाजूने संपू नये असे आम्हांला वाटते. ज्या दिवशी मुले कार्यक्रमाबद्दल भांडणे सोडतील, त्या दिवशी ती यायचीही थांबलेली असतील. कुमारांवर रागावणारा श्रोता निदान मैफिलीला आलेला होता, तिकीट काढून.

यातून करण्याजोगे एक काम सुचते. कुमार आणि भानुताईंनी माळव्याच्या बायकांची गाणी गोळा केली. आपल्या घरांतही तशीच गाणी आहेत. नागपूरकडच्या घरांतली भाद्रपद पौर्णिमेपासूनची भुलाबाईची गाणी, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्यांची नवरात्रातली भोंडल्याची गाणी, मंगळागौरीची गाणी. माळव्यात वाढलेल्या आपल्या मुलींनी पितृपक्षात शेजारच्या मैत्रिणींबरोबर भिंतीवर शेणाची संजाही मांडली आणि तिची गाणी म्हटली. एका सणाची चाल दुसऱ्या सणात शिरली, मराठी ओळीत माळवी शब्द आला. पुण्याच्या कानाला हे भेसळ वाटेल. आम्हांला ते या प्रदेशात घालवलेल्या पिढ्यांचे लेखन वाटते, फक्त ते कागदावर उतरलेले नाही. ही गाणी येणाऱ्या आज्या आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आज प्रत्येक नातवाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. गणपती बसल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंतच्या दिवसांत प्रत्येक घराने आपल्या आजीची दोन गाणी टिपली, कोणत्या गावाहून आली आणि कोणाकडून शिकली हे विचारून ठेवले, तरी मंडळाकडे मोठा ठेवा जमेल. चाली ‘शुद्ध’ करायला जाऊ नये. जशा आहेत तशा ठेवाव्यात. पुढे एखाद्या मुलाने त्यातली एखादी चाल गिटारवर घेतली, तर आपल्यातले काही नाक मुरडतील आणि काही टाळ्या वाजवतील. ते भांडण आपण आनंदाने करू. पण भांडायला आधी ती चाल शिल्लक असायला हवी, आणि तिच्यासाठी आपल्या हातात फार वर्षे उरलेली नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!